पाठीवरचा फेटा

शहाजीरावांनी आयुष्यभर तुर्भ्याच्या बाजारात कांद्याच्या गोणी वाहिल्या. लेकाच्या लग्नाला वऱ्हाड निघालं आणि नवरदेवाची गाडी पावणे गावाजवळ बंद पडली. गाडीच्या मदत केंद्रातली मुलगी दर फोनला गोड आवाजात सांगे, "सर, माणूस निघालाय." निघालाय म्हणे! कुठून, कोण जाणे.

मुहूर्त जवळ आला तसे शहाजीराव भडकले. "बास झालं आता!" त्यांनी डोक्यावरचा फेटा सोडला, गोणीखाली घ्यायचे तशी त्याची घडी पाठीवर घेतली आणि गाडीला पाठ लावली. वऱ्हाडात सगळे बाजारातलेच हमाल. त्यांनीही फेटे सोडले. नवरदेव गाडीत बसूनच वाजतगाजत मांडवात पोचला.

शेवटची पंगत बसली तेव्हा फोन आला. "सर, माणूस पोचलाय. गाडी कुठंय?"

"मांडवाच्या दारात," शहाजीराव म्हणाले. "पाठवा त्याला. लांबून आलाय बिचारा, जेवून जाऊ दे!"