यानातला खालचा बर्थ

चेण्याजवळ, घोडबंदर रोडपासून थोडं आत, एक गोदाम आहे. एका वेबसीरिजसाठी त्यात आम्ही अंतराळयान बांधलं. आम्ही म्हणजे सुतार, रंगारी, वायरमन आणि मी. सेटवर वस्तू मांडणं हे माझं काम. माझ्या वाट्याला यानातल्या कर्मचाऱ्यांची राहायची जागा आली होती. एकावर एक बर्थ, प्रत्येकाला वेगळा दिवा, उशाशी कप्पा, भिंतीत एसीची जाळी. दिग्दर्शकाने मला बजावलं होतं, ही माणसं राबून थकलेली आहेत, त्यांच्या विश्रांतीची जागा बघताना आपल्याला झोप यायला हवी. विश्रांती, विश्रांती. हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून ऐकून माझं डोकं फिरायचं, कारण त्या गोदामात आम्हाला पाठ टेकायला वीतभर जागा नव्हती. जेवण झालं की आम्ही बायका जनरेटरच्या मागे पुठ्ठे टाकून बसायचो आणि तिथूनही वॉचमन उठवायचा.

यानातल्या चादरी, अभ्रे, पडदे सगळं एका मावशीने गोदामातच मशीन मांडून शिवलं होतं. मावशी मूळची मराठवाड्याची, नवघरला आमच्याच चाळीत राहते. मुलाची कंपनी बंद पडल्यापासून तिच्या शिलाईवर घर चालतं. एका खोलीत मुलगा, सून, नातवंडं. दिवसभर मशीनवर बसून कंबर धरते, आणि घरी गेल्यावर आडवं व्हायचं तर आधी कुणाला तरी उठवावं लागतं.

नवी चादर कॅमेऱ्यात नवीच दिसते. हाताने चुरगळली तर हाताने चुरगळलेली दिसते. त्यावर आमच्या धंद्यात एकच इलाज, कुणाला तरी खरंच झोपवायचं. मी मावशीला खालच्या बर्थवर झोप म्हणाले.

"कामाच्या टायमाला झोपू व्हय? कुनी बगितलं म्हंजे?"

"आज हेच काम आहे तुझं."

भिंतीकडे तोंड करून, एक गुडघा पोटाशी घेऊन ती झोपली ती थेट चहाला उठली. तोंडावरचा ताण गेला होता. चादरीवर खांद्याचा खळगा, गुडघ्याखालच्या चुण्या, सगळं हवं तसं उमटलं होतं. दिग्दर्शक खूश झाला, फोटो काढले गेले आणि लगेच शूटिंग सुरू झालं. एकदा शॉट झाला की त्या चादरीला कुणी बोट लावायचं नसतं. पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये ती तशीच दिसावी लागते. हे मावशीला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जनरेटरच्या मागे कडक ऊन आलं आणि मावशीला गरगरायला लागलं. ती कुणाला काही न सांगता आत गेली आणि त्याच बर्थवर आडवी झाली. काल तिथे झोपणं काम होतं, आज गुन्हा कसा होईल, असंच तिला वाटलं असणार. सहाय्यक दिग्दर्शकाने तिला बघितलं आणि अख्खं गोदाम डोक्यावर घेतलं. तिच्या मुलाहून लहान पोरगा तो.

"आंटी, ये सोने की जगह है क्या?"

बर्थवर झोपलेल्या बाईला हा प्रश्न! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग काय, नाचायची जागा आहे?" मी विचारलं. "बाईला चक्कर आलीय, दिसत नाही?" त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कल से मत आना, एवढं तिला सांगून मोकळा झाला. मावशीने पिशवी उचलली आणि खाली मान घालून निघून गेली.

मग मला हुकूम सुटला, चादर फोटोतल्यासारखी कर. मी केली, जमली नाही. एका मुलीला झोपवून बघितलं, ती काटकुळी, तिचा खळगाच पडेना. दिग्दर्शक वैतागला. शेवटी तो सहाय्यकच म्हणाला, "उसी आंटी को बुलाओ." मी फोन लावला, कारण मला वाटलं, बोलावतायत म्हणजे कामावर घेतील. घराजवळच्या केबिन रोडपर्यंत पोचलेली मावशी रिक्षा करून परत आली.

सहाय्यकाने तिला झोपवलं आणि मोबाइलमधला फोटो बघत हुकूम सोडू लागला. घुटना ऊपर. कंधा इधर. उशी सरळ करावी तसा तिला सरळ करत होता. हवा तसा आकार जुळला.

"बस. अब धीरे से उठो. कुछ हिलना नहीं चाहिए."

मावशी हलली नाही. "कल आऊं क्या कामपे?"

"वो बाद में देखेंगे. पहले उठो."

"मग न्हाई उठत," असं म्हणून तिने डोळे मिटले.

दिवे तापलेले, चंदेरी कपड्यातले नट ताटकळलेले, दिग्दर्शक सारखा घड्याळ बघतोय. सहाय्यक तिचा दंड धरायला वाकला तशी मी मध्ये उभी राहिले. "हात लावून तर बघ," मी म्हटलं. "चादर बिघडली तर परत कुणाला झोपवणार?" त्याचा हात तिथेच थांबला. दिग्दर्शक लांबूनच ओरडला, अरे, आने दो ना कल!

"कल आ जाओ," सहाय्यक पुटपुटला.

"मोठ्याने बोल," मी म्हटलं. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

तो मोठ्याने बोलला. सुतारांनी ऐकलं, नटांनीही ऐकलं. मावशी तरी उठेना. अजून रुसलीय की काय म्हणून मी वाकून बघितलं, तर तिला खरोखरच झोप लागली होती. तोंड जरासं उघडं, श्वास संथ.

"उठाओ ना इनको," तो मला म्हणाला.

काय झालं कुणास ठाऊक, इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं. "नाही उठवणार," मी म्हटलं. आणि बर्थवर तिच्या पायाशी चांगली मांडी घालून बसले. चादर पार चुरगळली.