कंत्राटी भाऊसाहेब

चार ग्रामसेवक टपरीवर जमले की पहिला चहा साहेबांना नावं ठेवण्यात जातो आणि पुढचे तीन किस्स्यांत! जव्हार-मोखाड्यात नोकरी केलेल्याला किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. माझे बहुतेक एकाच हट्टातून आलेत. मला ग्रामसेवकांच्या संघटनेत शिरायचं होतं आणि संघटनेला मी नको होते.

*

माझी पहिली नेमणूक जव्हारकडच्या वांगणीच्या बाजूला. ग्रामसेवकाला इकडे भाऊसाहेब म्हणतात. पहिल्याच दिवशी एक आजी ग्रामपंचायतीच्या दारात आली.

"भाऊसाहेब कठं हाय?"

"मीच, आजी."

तिने मला नखशिखांत न्याहाळलं आणि मागे वळून ओरडली, "गे पोरींनो, भाऊसाहेब आली! साडी नेसून आली!"

गावाने मला एका मिनिटात भाऊसाहेब केलं. संघटनेला तीन वर्षं लागली.

*

कारण मी कंत्राटी. तीन वर्षांचा करार, नीट पार पडला तर कायम, आणि शेरा वाईट पडला की घरी! पहिल्याच पावसाळ्यात ओहोळाला पूर आला आणि तालुक्याची मासिक सभा चुकली. कारणे दाखवा नोटीस हजर! शेजारच्या पंचायतीतल्या भोयेंनाही त्याच दिवशी, त्याच ओहोळामुळे नोटीस आली. पण भोये कायम नोकरीतले, संघटनेचे सभासद.

मी एकटी तालुक्याच्या साहेबांकडे गेले. त्यांनी मान वर न करता लिहिलं, 'खुलासा असमाधानकारक.'

भोयेंबरोबर संघटनेचे सहा जण गेले. त्यांना चहा आला! वर साहेब म्हणाले, "ओहोळाला पूर आल्यावर माणूस तरी काय करणार!"

खरं सांगते, बाहेर येऊन मी रडले. मग डोळे पुसले आणि ठरवलं, आता सभासद झाल्याशिवाय राहायचं नाही.

*

संघटनेचे अध्यक्ष खोडाळ्याचे अण्णा. नियमाला एकदम पक्का माणूस. अर्जात एक रकाना होता, 'नोकरी कायम आहे काय?' मी लिहिलं, 'नाही.' अण्णांनी अर्ज अलगद माझ्याकडे सरकवला.

"कायम झालात की या, बाई."

"अण्णा, कायम होईपर्यंत टिकायला तरी संघटना हवी ना?"

अण्णांनी बराच विचार केला. "मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले. "पण नियम कायम आहे!"

*

सभासद नाही तर नाही, बैठकीला जायला कोण अडवतं? दर महिन्याला मी मागच्या बाकावर हजर. इतिवृत्त लिहायचं म्हटलं की सगळ्यांचे हात दुखायला लागायचे, म्हणून वही माझ्याकडे आली. उपस्थितांच्या यादीत शेवटी मी लिहिलं, 'विशेष निमंत्रित', आणि पुढे माझं नाव.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "निमंत्रण कोणी दिलं तुम्हाला?"

"कोणीच देईना," मी म्हटलं, "म्हणून मीच दिलं."

*

एका हिवाळ्यात शिरपामाळला वनभोजन ठरलं. फक्त सभासदांसाठी! मी आपला डबा घेऊन गेले आणि त्यांच्यापासून दहा पावलांवर दगडावर बसले. डब्यात नागलीच्या भाकऱ्या आणि सुकट. तिकडे आचाऱ्याने भात करपवला होता. हळूहळू एकेक सभासद माझ्याकडे सरकायला लागला. सगळ्यात शेवटी अण्णा आले.

"बाई, भाकरी आहे का एखादी?"

"आहे की. पण कंत्राटी आहे, चालेल?"

भोयेंना ठसका लागला. अण्णांनी मुकाट्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या.

*

तिसऱ्या वर्षी वार्षिक सभा आली. माझा करार संपायला महिना उरला होता आणि ओहोळाचा तो शेरा फायलीत तसाच होता. आता नाही तर कधीच नाही! मागच्या बाकावरून ठराव मीच वाचत होते. आम्ही सगळे आयुष्यभर गावाला ठराव वाचून दाखवणारे, लोक मान डोलावून 'मंजूर' म्हणणारे. त्या दिवशी बाहेरून मटणाचा वास येत होता आणि आमचीच ग्रामसभा झाली होती. एक नंबर, मंजूर! दोन नंबर, मंजूर!

सात नंबर मी मुद्दाम सावकाश, मोठ्याने वाचला. "कंत्राटी ग्रामसेवकांस संघटनेचे पूर्ण सभासदत्व देण्यात यावे."

"मंजूर!"

आठवा वाचायला घेतला तेवढ्यात अण्णा दचकले. "थांबा! सात नंबर काय होता?"

मी पुन्हा वाचला. या वेळी कोणी मंजूर म्हणेना.

"सूचक कोण?" अण्णांनी विचारलं.

"मी," भोये उभे राहिले.

"अनुमोदक?"

कोणी खिडकीबाहेर बघत होतं, कोणी चपलेचा पट्टा नीट करत होतं.

"माझं नाव लिहा," अण्णा म्हणाले.

आणि माझी जीभ! वहीची सवय लागलेली. "अण्णा, अध्यक्षांना अनुमोदन देता येत नाही."

भोयेंनी कपाळावर हात मारला. अण्णांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, उठले, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि मागे येऊन माझ्या शेजारी बाकावर बसले.

"आता लिहा," म्हणाले.