प्लग उपसणारे काका

उकव्याच्या खाणीतून निवृत्त झालेले ते काका बसने माझ्या सायबर कॅफेत यायचे. इंटरनेटवरची काही मंडळी मिळून एक फुकटचा टेक्स्ट एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम, बनवत होती. त्याची नवी, कच्ची आवृत्ती आली की काका ती तपासायचे. लाइट गेली तरी लिहिलेलं परत मिळालं पाहिजे, हा त्यांचा एकच हट्ट. दर वेळी तीच ओळ टाइप करायचे, 'मी उकव्याहून येऊन राह्यलो', आणि खसकन प्लग उपसायचे.

"काका, मशीन जाईल ना माझी!" मी चिडायचो.

"हौ, पण लाइट का तुले विचारून जाते?"

प्लग लावून पाहायचे, तर पान कोरं. मग तक्रार लिहून पाठवायचे. उत्तर कधीच आलं नाही.

एकदा नव्या आवृत्तीसोबत सूचना होती : आम्ही हे काम बंद करत आहोत. मी ती वाचून दाखवली.

"काहून?" एवढंच त्यांनी विचारलं. तरी ओळ टाइप केली, प्लग उपसला. पण परत लावला नाही. वायर नीट गुंडाळून ठेवली आणि गेले.

मी मशीन सुरू केली. ओळ जशीच्या तशी परत आली होती. धावत बसस्टँडवर गेलो, तर बस सुटलेली.

ते पुन्हा आले नाहीत. एडिटर उघडला की ओळ मात्र येते : मी उकव्याहून येऊन राह्यलो.