हिराजीची गाठ

वादळाचा इशारा आला की आमच्या सारसोळे गावात ओल्या दोरांचा वास सुटतो. आज सकाळी तो आला आणि मला घरात बसवेना.

तीस वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी आम्ही खाडीत होड्या एकमेकींना बांधल्या होत्या. वादळात आमच्याकडे कोणी एकटी होडी ठेवत नाही. माझ्या होडीला हिराजीची होडी बांधलेली होती, आणि गाठ त्याने मारलेली. त्याच्या गाठीला गावात नाव होतं. तो घराच्या पत्र्यांवर दगड ठेवायला गेला, मी राखणीला थांबलो. त्याची जड होडी माझ्या होडीवर आदळू लागली, माझी एक फळी चिरली. मी आजूबाजूला पाहिलं आणि ती गाठ सोडली.

त्याची होडी पुलाच्या खांबावर फुटली. हिराजी दोराचं टोक हातात घेऊन बघत राहिला. "तुटला नाय रं. माजीच गाठ सुटली."

"व्हतं असं," मी म्हणालो.

पुढे गाव त्याला विचारायचं, "हिराजी, लग्नाची गाठ तरी टिकली ना?" तोही हसायचा. पण होडी त्याने पुन्हा घेतली नाही.

आज दुपारी तो गच्चीवरची ताडपत्री बांधायला मला बोलवायला आला. "दामा, तूच बांध. माज्या हातची टिकत नाय."

मी दोर घेतला नाही. "तुजी गाठ सुटली नव्हती, हिराजी. मी सोडली व्हती."

तो दोर घेऊन वळला. वर जाऊन त्याने स्वतःच गाठ मारली. वारा सुटलाय, ताडपत्री फडफडतेय. गावालाही कळावं म्हणून हे लिहितोय. गाठ अजून जागची हललेली नाही.