रविवारची मोकळी जागा

सलीम मुलाणी गेला, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तेही भलत्याच कामासाठी आलेल्या फोनवर, बोलता बोलता. सहा महिने आजारी होता म्हणे. भोरच्या कॉलेजापासूनचा माझा मित्र, पुण्यात एकाच कार्यालयात शेजारचं टेबल... आणि मला पत्ता नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं शनीपर्यंत जाणाऱ्या यानाचा आराखडा करत होतो. सौर पॅनेलच्या विजेवर चालणारं आयन इंजिन. त्याचा रेटा तळहातावर ठेवलेल्या कागदाच्या वजनाएवढा, पण वर्षानुवर्षं लावत राहिलं की यान भन्नाट वेग घेतं. शनीजवळ ऊन अगदीच मंद, म्हणून सगळा जोर आधीच, ऊन आहे तोवर लावायचा. सलीमनं आखलेल्या मार्गात मात्र दर आठवड्याला एक दिवस इंजिन बंद. कारण इंजिन चालू असताना ॲन्टेना पृथ्वीकडे राहत नाही. त्या एका दिवशी यानानं वळायचं आणि आपली खुशाली कळवायची.

बैठकीत साहेब म्हणाले, "यानालाही साप्ताहिक सुट्टी? सरकारी नोकर आहे का ते?" सगळे हसले. मी सर्वांत मोठ्यानं हसलो. सलीम एवढंच म्हणाला, "बिघडलं तर आपल्याला कळणार कसं?"

दुसऱ्याच दिवशी मी ते सुट्टीचे दिवस खोडले, यान लवकर पोचतं असं दाखवलं आणि आराखड्यावर माझं नाव वर आलं. बढती मिळाली. यान कागदावरच राहिलं, ते सोडा. सलीम नोकरी सोडून गावी, कामथडीला परतला, नसरापूरला शिकवण्या घेऊ लागला. आधी दर रविवारी त्याचा फोन यायचा. मी म्हणायचो, "कामात आहे रे." मग फोन थांबले. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे लिहितानाही स्वतःची किळस येते.

परवा कामथडीला गेलो. त्याच्या अम्मींनी चहा दिला. भिंतीवर त्यानं आखलेल्या मार्गाचा तोच जुना आलेख होता... सूर्याभोवती फिरत बाहेर जाणारी निळी रेघ, दर सात दिवसांनी तुटलेली. मी बघत राहिलो तशा त्या म्हणाल्या, "त्यो म्हनायचा, ह्यो घरी बोलायचा वार हाय. शेवटाला बी दर रईवारी मोबाईल उशाला घिऊन पडायचा. मी इचारायची, कुनाचा येनार हाय रं?"