सातव्या पानावरचा अंगठा

“चारी बाजू झाल्या का?” असं विचारून मावशी स्वतःच उत्तर द्यायची, “नाही झाल्या,” आणि तुमच्या हातातला कागदांचा गठ्ठा हिसकावून घ्यायची. मग टेबलावर ठक्. गठ्ठा फिरवून ठक्. पुन्हा फिरवून ठक्. चौथ्या ठोक्यानंतर ती कडेवरून हात फिरवायची आणि एखादं पान नखाएवढं जरी बाहेर राहिलेलं लागलं, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू. झेरॉक्सच्या दुकानात तुम्हीही ताटकळला असाल. पण एक पिन मारण्याआधी गिऱ्हाइकाला इतका वेळ उभं करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, हे मी पैजेवर सांगतो.

दुकान उल्हासनगरात कॅम्प तीनला, सरकारी कचेऱ्यांच्या गल्लीत. मालक सिंधी शेठ. मशीन एकच. एका पानाच्या हव्या तेवढ्या प्रती ते काढायचं, पण पानं क्रमाने लावणं त्याच्या डोक्यात नव्हतं. मावशी सगळे गठ्ठे लांब टेबलावर ओळीने मांडायची आणि टेबलाभोवती फेऱ्या घालत एकेक पान उचलायची. एक फेरी झाली की एक संच तयार. शेठ कौतुकाने म्हणायचा, “साईं, ये मेरा दूसरा मशीन है. इसको बिजली नहीं लगती, सिर्फ चाय लगती है.”

“पहिलं मशीन बंद पडलं की शेठ त्याला चापट मारतो,” मावशी म्हणायची. “मला मारून दाखव म्हणावं.”

आता त्या दुकानात ट्रे असलेलं नवं मशीन आहे. तेच पानं लावतं, तेच पिनही मारतं. मावशी तिथे नाही. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, एका संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता होतो, आणि या देशात माझ्याशिवाय कोणालाच काही कळत नाही अशी माझी खात्री होती.

मावशीला वाचता येत नव्हतं. ती पानं चेहऱ्यावरून ओळखायची. “हे सिंहाचं,” म्हणजे वर राजमुद्रा असलेलं पहिलं पान. “हे दाट.” “हा नकाशा.” “हे पोट रिकामं,” म्हणजे मध्येच मजकूर संपलेलं. तिने पान चुकवलेलं मी कधी पाहिलं नाही. शिकल्यासवरल्या वकिलांच्या कारकुनांनी चुकवलेलं मात्र तिच्याच टेबलावर दुरुस्त होताना पाहिलंय. तरी मला तिच्या निरक्षरतेचा भयंकर संताप यायचा. मी तिला व्यवस्थेबद्दल सांगायचो, पत्रकं वाचून दाखवायचो.

“तुझं पत्रक मी लांबून ओळखते, पुढारी,” ती एकदा म्हणाली. ती मला पुढारीच म्हणायची. “जिथं तिथं ह्या उभ्या काठ्या.”

“मावशी, ती उद्गारचिन्हं आहेत.”

“असतील. पण एवढ्या काठ्या कशाला? कोणाला मारायला निघालास?”

मी त्यावर तिला पंधरा मिनिटं ऐकवलं. तिने तेवढ्यात चाळीस संच लावले.

त्या हिवाळ्यात बदलापूरच्या पुढे, बारवीकडच्या डोंगरातल्या एका आदिवासी वाडीला नोटीस आली. कारखान्यांच्या वाढीव जागेसाठी वाडीची जमीन घ्यायची होती. ज्याला विरोध करायचा त्याने ठरल्या तारखेपर्यंत आपली स्वतंत्र लेखी हरकत प्रांत कचेरीत द्यायची. ज्याची हरकत येणार नाही, त्याला जागा सोडणं मंजूर आहे असं धरणार! (ही काठी मी मुद्दाम मारतो आहे. इथे ती हवीच.)

घरं बावन्न. हरकतीची पानं सात. प्रती तीन. सातव्या पानावर घरच्या माणसाचा अंगठा. एकेचाळीस घरांचे अंगठे मी वाडीत बसून घेतले. उरलेली अकरा घरं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली. झोपड्यांच्या दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. शुक्रवारी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती आणि मी गुरुवारी दुपारी सगळा गठ्ठा घेऊन मावशीच्या टेबलाशी हजर झालो आणि भट्ट्यांवर गेलेल्या घरांसकट वाडीची सगळी हकिकत तिला ऐकवली.

ती फेऱ्या घालत होती, मी पुढच्या मोर्चाच्या घोषणा लिहीत होतो. अचानक फेरी थांबली.

“पुढारी, हा माणूस कोण रे?”

“कुठला?”

“हा.” तिने एक सातवं पान उचलून दिव्याकडे धरलं. “केवढा अंगठा हा! पहिलवान आहे का?”

“उंच आहे तो,” मी म्हणालो.

“किती उंच? ताडाएवढा?”

शेठनेही येऊन पाहिलं. “साईं, ये तो पाँव का है,” तो म्हणाला आणि तोंडावर रुमाल धरून मशीनच्या मागे गेला.

तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. भट्ट्या शोधत फिरायला वेळ नव्हता. अकरा घरांचा हक्क बुडू द्यायचा का? मी खोलीचं दार लावून माझी दहा बोटं दहा जणांच्या नावापुढे उठवली. अकराव्याला बोट उरलं नाही, म्हणून चप्पल काढली. मला हे अन्यायाविरुद्धचं डोकेबाज पाऊल वाटलं होतं.

मावशीने गठ्ठ्यातून एकेक पान बाजूला काढलं. न चुकता अकराच्या अकरा.

“बाकीचे दहा कशावरून ओळखलेस?” मी घुश्शात विचारलं.

“रेघा बघ ना किती ठसठशीत. पुस्तकात छापल्यासारख्या. भट्टीवरच्या माणसाचा अंगठा एवढा सुंदर उठतो होय?” तिने स्टॅम्पपॅड जवळ ओढलं, आपला अंगठा त्यावर दाबला आणि कोऱ्या कागदावर टेकवला. जांभळा, गोल, गुळगुळीत डाग. त्यात एक रेघ नव्हती. “सहा वर्षं विटा पाडल्यात मी. नंतर हे कागद. माती रेघा घासून नेते, उरलेल्या कागद नेतो.”

“तू भट्टीवर होतीस? कुठली तू?”

“तुझ्या ह्या वाडीचीच. माहेर माझं.”

“मग दोन वर्षांत बोलली नाहीस ते!”

“तू विचारलंस कधी? तू आलास की तूच बोलतोस.”

दोन वर्षं मी आदिवासींच्या प्रश्नावरची पत्रकं या बाईकडून लावून घेत होतो. मी घोषणांचा कागद घडी करून खिशात घातला. शेठ म्हणतो, त्याच्या दुकानात असं पहिल्यांदाच घडलं.

पण मावशी पिन मारायला तयार होईना. “ह्या अकरांना मी पिन मारत नाही. साहेबाने एक पकडला की बावन्नच्या बावन्न खोटे म्हणेल. माझ्या भावाचं घर आहे त्यात. खरे अंगठे आण.”

“उद्या पाचपर्यंत? कुठल्या भट्टीवर शोधू?”

“मला ठाऊक आहे कुठल्या,” ती म्हणाली. “शेठ, उद्या मी नाही.”

शेठने मशीनमागून हात जोडले.

शुक्रवारी सकाळी आम्ही बदलापूरहून रिक्षाने नदीकाठच्या भट्टीवर गेलो. मावशीने स्टॅम्पपॅड जेवणाच्या डब्यात ठेवलं होतं, वर झाकण, वर फडकं. रिक्षावाल्याने विचारलं, “मावशी, काय भाजी?” ती म्हणाली, “वांगी.”

भट्टीवर दहा घरं एकत्रच सापडली. मला वाटलं होतं, आधी समस्या समजावून सांगावी लागेल. मी मोकळ्या विटांवर चढून सुरुवातही केली. “बंधूंनो आणि भगिनींनो—” तोवर मावशीने रांग लावली होती. हात धू, पूस, दाब, उचल. चिखलाने चिरलेल्या हातांची माणसं एकामागून एक बसत होती. एक बाई म्हणाली, “आत्ये, तो भाऊ काय सांगतोय?” मावशी म्हणाली, “सांगू दे. त्याचं झालं की खाली उतरेल.”

मी उतरलो आणि कागद पाहिले. दहाही पानांवर नुसते जांभळे डाग. “मावशी, हे कोण खरे मानेल? माझे खोटे होते ते खरे दिसत होते, आणि हे खरे आहेत तर—”

“खरे आहेत ना? मग चल. अजून एक राहिलाय.”

अकरावं घर पलीकडच्या भट्टीवर होतं. ज्याच्या नावापुढे मी पायाचा अंगठा उठवला होता तो ‘उंच माणूस’ म्हणजे एक म्हातारी निघाली. माझ्या कमरेएवढी. यादीत मी नुसतं आडनाव वाचलं होतं. मावशीने तिला माझा प्रताप सांगितला. म्हातारी इतकी हसली की तिचा हात स्थिर होईना. अंगठा घेण्यासाठी मावशीला आणि मला मिळून तो धरावा लागला. निघताना तिने माझे पाय वाकून नीट बघून घेतले.

दुकानात येऊन सातवी पानं बदलली, प्रती काढल्या. साडेचार वाजले. मी म्हणालो, “मावशी, आज दोनच बाजू कर.” तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

कचेरीत पोहोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते. खिडकीतल्या कारकुनाने एकेचाळीस संच मोजून घेतले. बेचाळिसाव्याला थांबला. पान दिव्यापुढे धरून बघितलं.

“हा काय डाग पाडलाय?”

“अंगठा आहे,” मी म्हणालो.

“रेघ कुठंय? आणि खाली ओळख पटवणाऱ्याची सही नाही. ह्या लोकांना ओळखतं कोण? तुम्ही?”

बाकी सगळ्या पानांवर ओळखणारा म्हणून माझीच सही होती. यावेळी मी पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं. मी त्यांना सकाळी पहिल्यांदा पाहिलं होतं.

“मी ओळखते,” मावशी खिडकीशी येऊन म्हणाली. “हा माझा भाऊ. ही त्याची चुलत सासू. ही हसणारी म्हातारी, माझ्या आईची मैत्रीण.” तिने अकराही जणांची नाती सांगितली.

“सही करा मग.”

मावशीने डब्याचं झाकण काढलं आणि पॅडवर अंगठा दाबून त्या संचाच्या सातव्या पानावर टेकवला. कारकून बघतच राहिला. एकाशेजारी एक, दोन सारखे डाग.

“तुमच्यालाही रेघ नाही?”

“आमच्याकडे अशीच पद्धत,” मावशी म्हणाली. “साहेब, पाच वाजतायत. तिन्ही प्रतींवर करायचंय मला.”

तो हसला. घड्याळाकडे पाठ करून बसला. तेहेतीस अंगठे होईपर्यंत त्याने खिडकी लावली नाही, आणि पोचेच्या शिक्क्यावर वेळ मात्र पाचच्या आतली घातली. मी त्या दिवसापर्यंत कारकुनांवर तीन पत्रकं काढली होती. चौथं काढलं नाही.

महिन्याभराने सुनावणी लागली. मी रात्रभर नव्हे, आठवडाभर भाषण तयार केलं होतं. चौदा पानं, काठ्यांसह. प्रांतसाहेबांसमोर वाडीची माणसं जमिनीवर बसली होती. भट्टीवरची अकरा घरं एका दिवसाचा खाडा करून आली होती. मावशी त्यांच्यात बसली होती, दुकानातल्यासारखी पदर खोचून.

साहेबांनी कागद पुढे ओढले. “वाडीतर्फे कोण बोलणार?”

मी उभा राहिलो. घसा साफ केला.

“तुम्ही वाडीचे?” साहेबांनी विचारलं.

“मी संघटनेचा—”

मागून माझा सदरा कोणीतरी ओढला.

“साहेब, तो पुढारी आहे,” मावशी म्हणाली. “चांगला आहे. तो बसेल.”

ती उठली आणि वाडीच्या खालच्या टोकापासून सांगायला लागली. पहिलं घर कोणाचं, त्याच्या अंगणात काय, त्याच्या बाजूला कोण, कोणाची आई कुठे पुरली, कुठला आंबा कोणी लावला. बावन्न घरं, एकही न गाळता, एकही मागेपुढे न करता. साहेब लिहून घेत होते. मध्येच त्यांनी हात वर करून तिला जरा हळू सांगायला लावलं. पुढे निकाल आला आणि त्या वेळी तरी वाडी आपल्या जागेवरून उठली नाही.

मी बसलो होतो. चौदा पानं मांडीखाली होती.