सोनाबाईने पदर ओढला

तांब्याची भांडी चिंचेनं घासायला काढली होती. कलश निम्मा लखलखीत, निम्मा काळा झालेला, तेवढ्यात मागच्या दाराने सोनाबाई आली आणि पायरीवर बसली.

"वैनी, मला काडली," म्हणाली. "येऊ नको म्हनला अजेय."

अजेय आमच्याच आळीतला. शिकला-सवरलेला, आता दहिवलीला ऑफिस थाटून सहली काढतो. इथल्या बायकांना बसने किनाऱ्यापर्यंत न्यायचं, तिथून लाँच भाड्याने घेऊन बेटावरच्या देवीला. सोनाबाई त्याच्याकडे सहलीचं जेवण रांधते आणि बायकांबरोबर जाते. मूळची खालापूरकडच्या शेतकरी घरातली, पुढे चौकच्या ढाब्यावर भाकऱ्या थापण्यात उमेदीची वर्षं गेली. तोंडाने फटकळ. कुणी तिसरा लाडू मागितला तर "पोट हाय का पोतं गं?" म्हणून सगळ्यांसमोर विचारणार. स्वतःसाठी मात्र दोन लाडू आधीच बाजूला काढलेले असतात, हे मी पाहिलं आहे.

तिला पोहता येत नाही. लाँचमध्ये पाय ठेवताना डोळे मिटून घेते. मग जाता कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "बाजारात जाते म्हनलं तर सून पिशवी देती. देवीला जाते म्हनलं की कोन काय बोलत नाय. तेवडाच माझा दिस."

या सहलीत एक फेरी असते. बेटावर उतरण्याआधी लाँच बेटाला प्रदक्षिणा घालते. देवी उजव्या हाताला, देवळाचा कळस पाण्यावरून दिसतो. लाँचमध्ये दोन्ही कडांना लांब बाकं, तोंडं आत. म्हणजे उजव्या बाकावरच्यांची देवीकडे पाठ. आता देवीकडे पाठ करून कोण बसेल? त्या उठून वळतात. डाव्या बाकावरच्यांना काही दिसत नाही, त्याही उजवीकडे धावतात. अजेयने ही फेरी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापली आहे. लाँच कलते, हे त्याला ठाऊक नाही असं कोण म्हणेल?

सोनाबाई दर खेपेला ओरडते. "बसा गं बायांनो! देवी काय पळून जाते का? पाठीला बी नमस्कार पोचतो तिला!"

गेल्या रविवारी आमचं भजनी मंडळ गेलं होतं. मी होते, सून श्रिया होती. लाँचमध्ये माणसं कोंबलेली. बुडू नये म्हणून घालायची जाकिटं बाकाखाली एका मोठ्या गठ्ठ्यात दोरीने करकचून बांधलेली. त्यांना डिझेलचा आणि बुरशीचा वास, वर तंबाखूच्या पिचकाऱ्या. बायका त्यावर पाय ठेवून बसल्या होत्या. अजेय पुढे उभा राहून मोबाईलवर चित्रण करत होता. कळस दिसताच तोच म्हणाला, "सगळ्यांनी इकडे या, देवी काय सुंदर दिसतेय!"

सगळ्या उठल्या. उजवी कड खाली गेली आणि पाणी सरळ आत आलं. ओटीची ताटं तरंगली. लाँच चालवणारा तांडेल "बसा, बसा" करून किंचाळत होता. श्रिया गठ्ठ्याची गाठ सोडवत होती, ती सुटेना. मंडळाच्या अध्यक्ष मालतीबाई कडेवर ओणवून हात जोडत होत्या. सोनाबाईने डाव्या बाकाची फळी एका हाताने घट्ट धरली, दुसऱ्याने त्यांचा पदर धरला आणि जे ओढलं, ते मालतीबाई तिच्या मांडीवरच येऊन पडल्या. मग हाताला येईल तिला ओढून डावीकडे बसवलं. लाँच हळूहळू सरळ झाली.

किनाऱ्यावर मालतीबाई रडल्या. देवीसमोर, परक्या पुरुषांसमोर पदर खाली आला म्हणून. त्यांची लाज मला कळते. पण त्यांनी लेखी तक्रार केली ती सोनाबाईची.

काल अजेयचा निरोप सगळ्यांना आला. "कर्मचाऱ्याच्या गैरवर्तनाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पुढच्या सहलीत खास सवलत." खाली हात जोडल्याचं चित्र. पाण्याबद्दल अक्षर नाही, जाकिटांबद्दल नाही. वाचून मला नुसता राग नाही आला, किळस आली. वरणाच्या वाटीत झुरळ सापडावं तशी.

"आनि मोबाईल धरला माझ्या तोंडापुढं," सोनाबाई सांगत होती. "म्हनला, हात जोडून माफी माग, गिऱ्हाइकांना पाठवायचीय."

"मग?"

"मागली की. म्हनलं, मालतीबाई, पदर ओढला, माफ करा. उद्या उभ्या राह्यलात तर परत ओढीन." ती हसली, मग डोळे पुसले. "मला जायाचं हाय वो, वैनी. मालतीबाईंनी तक्रार मागं घेतली तर बघू म्हनतोय."

मी तिच्यासमोरच मालतीबाईंना फोन लावला.

"अगं, आपल्याला देवीनं तारलं," त्या म्हणाल्या. "त्या बाईचं काय घेऊन बसलीस! पुढच्या महिन्याचं ठरलंय, तुझं नि श्रियाचं नाव दिलंय मी. सवलत आहे."

"आणि बायका उभ्या राहिल्या तर बसवणार कोण?"

"देवी आहे ना."

"मालतीबाई, देवीचं मी रोज करते. तिला असल्या कामाला जुंपू नका."

त्यांनी फोन ठेवला.

सोनाबाई उठली, साडी झटकली. "ऱ्हाऊ द्या वैनी," म्हणाली, "उगाच तुमचं मंडळ तुटंल." आणि गेली. चहासुद्धा घेतला नाही.

देवीचं नाव पुढे करून माणसं पाण्यात ढकलायची, आणि ओढून काढणारीने माफी मागायची. अशा फेरीचं पुण्य मला नको. धुतलेली जाकिटं प्रत्येकीच्या अंगावर आणि सोनाबाई लाँचमध्ये, हे असेल तर येऊ, नाहीतर नाही. हे मी अजेयला तोंडावर सांगणार आहे. हात धुऊन आता दहिवलीला त्याच्या ऑफिसात जायचं आहे, माझं आणि श्रियाचं नाव काढून टाकायला.